राजकीय मत बदलते ते नेमके कशामुळे? केशवराव जेधे, गिरणगाव आणि आपल्या घरातली माणसे

धागाकर्ता: सह्यकाठ

वाद घालून कोणाचे राजकीय मत बदलत नाही, असे आपण सगळेच म्हणतो, आणि निवडणुकीच्या दिवसांत नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर जे चालते ते पाहिले की ते पटतेही. तरीसुद्धा मते बदलतात, आणि एकेकट्या माणसाची नव्हे, तर अख्ख्या समाजाची बदलतात, हे महाराष्ट्राच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासात वारंवार दिसते. ज्या ब्राह्मणेतर पुढाऱ्यांनी १९२० च्या दशकात काँग्रेसला भटशाहीचा पक्ष म्हणून लांब ठेवले, त्यांच्यातलेच अनेक जण पुढच्या दशकात ग्रामीण काँग्रेसचा कणा झाले. हे कसे घडले असावे, याचा विचार मी बरेच दिवस करतो आहे, आणि त्यासाठी केशवराव जेधे यांच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

जेधे यांचा जन्म १८९६ चा. पुण्यातले त्यांचे जेधे मॅन्शन हे त्या काळी ब्राह्मणेतर चळवळीचे केंद्र होते. गणेशोत्सवात ब्राह्मण मेळ्यांना उत्तर देणारा छत्रपती मेळा, पुणे नगरपालिकेत १९२५ मध्ये महात्मा फुले यांच्या पुतळ्याचा मांडलेला आणि विरोधामुळे बारगळलेला ठराव, टिळक-चिपळूणकरांवर अतिशय कडवट टीका करणाऱ्या दिनकरराव जवळकरांच्या पुस्तिकेवरून झालेला खटला (त्यात जेधेही आरोपी होते आणि अपिलात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली), या सगळ्यांत केशवराव आघाडीवर होते. असा माणूस १९३० च्या कायदेभंगाच्या सुमारास काँग्रेसकडे वळतो, तुरुंगात जातो आणि पुढे महाराष्ट्र प्रांतिक काँग्रेसचा अध्यक्षही होतो. त्यानंतर १९४७-४८ मध्ये, म्हणजे काँग्रेसच्या हाती सत्ता आली त्याच वेळी, तो काँग्रेसमधून बाहेर पडून शंकरराव मोरे यांच्यासह शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) काढतो. १९५४ मध्ये तो पुन्हा काँग्रेसमध्ये येतो. आणि ६ फेब्रुवारी १९५६ रोजी पुण्यात ज्या सभेत संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, तिच्या अध्यक्षस्थानीही हाच माणूस असतो. विशेष म्हणजे ती सभा टिळक स्मारक मंदिरात झाली.

या प्रवासाकडे पाहून कोणी धरसोडपणा म्हणेल. मला मात्र त्यात एक गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत तशीच राहिलेली दिसते, आणि ती म्हणजे कसणाऱ्या बहुजन समाजाला स्वतःच्या राज्यकारभारात मानाची जागा मिळाली पाहिजे हा आग्रह. १९२५ मध्ये त्या आग्रहाच्या आड पुण्यातली ब्राह्मणी काँग्रेस येत होती. १९३० मध्ये गांधींच्या चळवळीमुळे खेड्यातला माणूस काँग्रेसमध्ये येऊ लागला, तेव्हा तोच आग्रह काँग्रेसच्या आत राहून पुढे नेता येईल असे त्यांना वाटले. डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातल्या फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होते, आणि तिथे शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कार्यक्रम मंजूर झाला. ज्यांनी दहा वर्षांपूर्वी जेधे यांची भाषणे ऐकली होती, त्यांना तो कार्यक्रम परका वाटण्याचे कारणच नव्हते. १९४७ मध्ये सत्ता पुन्हा ठराविक लोकांच्याच हाती राहते आहे, लेव्हीच्या, म्हणजे सक्तीच्या धान्यवसुलीने शेतकरी पिचतो आहे आणि त्याचे कोणी ऐकत नाही, असे दिसल्यावर त्यांनी पक्ष सोडला.

पण या सगळ्यांत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती काकासाहेब गाडगीळ यांच्याशी झालेली त्यांची मैत्री. एक ब्राह्मण वकील, काँग्रेसचा कार्यकर्ता. दुसरा ब्राह्मणेतर चळवळीचा सेनापती. १९२९ मध्ये पर्वतीच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला, तेव्हा गाडगीळ, एस. एम. जोशी यांच्यासारखे तरुण त्या सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी स्वतःच्या समाजाचा रोष पत्करला. काँग्रेसमध्ये आपल्या शब्दाला किंमत देणारी माणसे आहेत, हे जेधे यांना कोणत्याही अग्रलेखापेक्षा अशा प्रसंगांनी जास्त पटले असावे, असा माझा तर्क आहे. मुद्दे तर त्यांनी आधीही ऐकलेले होते. ते मुद्दे मांडणारा माणूस विश्वासाचा आहे, हे नव्याने कळले होते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की माणूस आपल्या मनातली सर्वांत खोल गोष्ट सहसा सोडत नाही. ती गोष्ट आता कोणाच्या हाती सुरक्षित आहे, याविषयीचे त्याचे मत बदलते, आणि तेही बहुधा ज्याला तो आपला मानतो अशा एखाद्या माणसामुळे किंवा ज्याकडे पाठ फिरवता येत नाही अशा एखाद्या अनुभवामुळे. हे सगळीकडे लागू पडते का, कुठे लागू पडत नाही, हे आपल्या घरातल्या, गावातल्या, वाचनातल्या उदाहरणांवरून कृपया लिहावे. आजच्या पक्षांपैकी कोण चांगला आणि कोण वाईट, ही चर्चा इथे नको अशी विनंती आहे.

प्रतिसाद: साचेखाते

धाग्याचा विषय माझ्या घराशी थेट जोडलेला आहे म्हणून सविस्तर लिहितो.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. आधी बदलीवाले म्हणून लागले, मग कायम झाले. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत दोन संघटनांच्या पावत्या असत, आणि लहानपणी मला त्याचे फार नवल वाटे. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला मान्यता मिळे, आणि ती काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. त्यामुळे रजा, बढती, बदलीचे कार्ड असल्या कामांसाठी तिथली वर्गणी भरावी लागे. दुसरी पावती लाल बावट्याची. ती मनाने भरलेली असे. १९२८ च्या मोठ्या संपातून गिरणी कामगार युनियन उभी राहिली, त्या संपाच्या गोष्टी आमच्या आजोबांनी वडिलांना सांगितलेल्या होत्या. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेवर गेले, तेव्हा आमच्या चाळीत दिवाळीसारखी रोषणाई केली होती, असे आई सांगते.

आता याच वस्तीत काय झाले ते पाहा. जून १९७० मध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या जागेच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, आणि तरीही शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. ते सेनेचे पहिले आमदार. बाहेरच्या अनेकांना हे कोडे वाटले. आत राहणाऱ्यांना तितकेसे वाटले नाही, कारण बदल त्याआधी तीन-चार वर्षे चाळीच्या जिन्यावर चाललेला होता. युनियन गिरणीच्या फाटकापाशी भेटत असे. शाखा मात्र संध्याकाळी, नाक्यावर, व्यायामशाळेत आणि गणपतीच्या मांडवात भेटत असे. रात्री-अपरात्री कोणाला केईएममध्ये न्यायचे असेल तर धावणारी मुले शाखेची असत. शिकलेल्या मुलाला बँकेत किंवा विमान कंपनीत चिकटवायचे असेल तर त्याचा अर्जही तिथूनच पुढे जाई. वडिलांच्या पिढीला पगार लाल बावट्याने मिळवून दिला हे मान्य होते. मुलाला गिरणीत घालायचे नाही हेही त्यांनी ठरवलेले होते, आणि मुलाच्या नोकरीविषयी लाल बावट्याकडे काही उत्तर नव्हते.

माझे काका याच काळात सेनेकडे गेले. त्यांनी मार्क्सवादावरचा विश्वास गमावला वगैरे काही झाले नाही, कारण तसा तो त्यांचा कधी नव्हताच. त्यांचा विश्वास माणसांवर होता, आणि ओळखीची, वावरातली माणसे हळूहळू दुसऱ्या झेंड्याखाली गेली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले. हे सामंत तोपर्यंत गिरणगावचे नव्हतेच. कामगारांनीच त्यांना आणले, कारण इतर कारखान्यांत त्यांनी करून दिलेले पगारवाढीचे करार सर्वांना ठाऊक होते. १९८४ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेतही दक्षिण-मध्य मुंबईने सामंतांना लोकसभेवर पाठवले. आणि १९८५ मध्ये मुंबई महापालिका शिवसेनेने जिंकली. आमच्या घरात ही दोन्ही मते एकाच हाताने दिली गेली. वडिलांना कोणी विचारले असते की तुमची विचारसरणी कोणती, तर ते नुसते बघत राहिले असते. दिल्लीत कामगारांचे बोलणारा माणूस हवा आणि वॉर्डात हाकेला धावणारा माणूस हवा, असा त्यांचा साधा हिशेब होता.

सह्यकाठ यांचे म्हणणे मला बऱ्याच अंशी मान्य आहे. फक्त ‘विश्वासाचा माणूस’ म्हणजे एकच थोर मित्र असेल असे नाही, तो रोज दिसणारा, साधा, वस्तीतला माणूसही असतो, एवढे त्यात जोडावेसे वाटते.

प्रतिसाद: रोखठोक

दोन्ही लिखाणे आवडली, पण मूळ प्रश्न बाजूला राहतो आहे असे वाटते. साचेखाते यांनी जे वर्णन केले ते मत बदलण्याचे नाही, मतदान बदलण्याचे आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर चर्चा भरकटेल.

याचे सर्वांत ठळक उदाहरण १९५७ आणि १९६२ च्या निवडणुका. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली. कऱ्हाडला खुद्द यशवंतराव चव्हाण थोडक्यात वाचले. पाच वर्षांनी काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. आता मराठी माणसाने पाच वर्षांत आपले विचार दोनदा बदलले, असे कोणी म्हणेल का? त्याला मराठी राज्य हवे होते. ते देत नव्हते तेव्हा त्याने काँग्रेसला पाडले. १ मे १९६० ला राज्य मिळाल्यावर तो आपल्या जागी परत गेला. त्याच्या मनातले काही बदललेच नाही.

पुढाऱ्यांच्या बाबतीत तर मला याहून कठोर बोलावेसे वाटते. यशवंतरावांनी ज्याला बेरजेचे राजकारण म्हटले, त्यात शेकापची किती मातब्बर मंडळी काँग्रेसमध्ये विरघळली ते पाहा. स्वतः शंकरराव मोरे १९६२ मध्ये पुण्यातून काँग्रेसचे खासदार झाले. १९५० मध्ये दाभाडीला ज्या पक्षाने मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारल्याचे जाहीर केले, त्याचे संस्थापक दहा-बारा वर्षांत सत्ताधारी बाकांवर बसले. १९५० मध्ये प्रवरानगरला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि नंतर गावोगाव त्याचे अनुकरण झाले. कारखाना, जिल्हा बँक, शिक्षणसंस्था हे सगळे सत्तेच्या जवळ राहूनच मिळत होते. त्याला मतपरिवर्तन म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा. मी त्याला सोय म्हणेन.

प्रतिसाद: मांडवीतीर

रोखठोक यांनी मत आणि मतदान वेगळे करण्याचा जो आग्रह धरला तो योग्य आहे, आणि गोव्याचा जनमत कौल हे त्याचेच उदाहरण आहे. फक्त ते त्यांच्या निष्कर्षाच्या उलट दिशेला जाते.

डिसेंबर १९६३ मध्ये गोव्यात पहिली निवडणूक झाली. गोवा महाराष्ट्रात विलीन करणे हे ध्येय उघडपणे सांगणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगोप) निवडून आला आणि भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ ला विलीनीकरणाच्या प्रश्नावर कौल घेतला गेला. विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने गोव्याने विलीनीकरण नाकारले. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत त्याच गोव्याने बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले!

म्हणजे पक्षाला मत देणे चालू राहिले आणि एका मूलभूत प्रश्नावरचा विचार बदलला. मगोपला मत देणाऱ्या बहुजन समाजाला भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या जाचातून सुटका हवी होती, मुलांसाठी मराठी शाळा हव्या होत्या. त्यासाठी बांदोडकर त्यांना आपले वाटत होते आणि कौलानंतरही वाटत राहिले. परंतु तीन वर्षांत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी दुसरीही एक गोष्ट पाहिली होती. शेजारच्या राज्यातून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी कचेऱ्यांत बसले होते, आणि गोवा हा मुंबईपासून दूरचा एक जिल्हा झाला तर आपले कोण ऐकणार, हा प्रश्न मनात यायला लागला होता. महाराष्ट्रात दारूबंदी होती. ती इथे आली तर माडावर चढणाऱ्या रेंदेराने काय करायचे?

आता वादविवादाचे काय, याविषयी. विलीनीकरणाच्या विरोधात ख्रिस्ती समाज बहुतांशी आधीपासूनच होता, आणि डॉ. जॅक सिक्वेरा यांचे नेतृत्व त्याला लाभले होते. निकाल फिरायचा तर हिंदू मतदारांत फूट पडायला हवी होती, आणि तिथे ‘राष्ट्रमत’ या दैनिकाने जे काम केले त्याला तोड नाही. ते दैनिक मराठी होते, हे लक्षात घ्या. विलीनीकरणाच्या विरोधातली बाजू मराठी वाचणाऱ्या, मराठीवर प्रेम करणाऱ्या हिंदू गोंयकाराला त्याच्याच वाचनाच्या भाषेत, रोज सकाळी, ओळखीच्या उदाहरणांनी सांगितली गेली. उदय भेंब्रे यांचे सदर वाचायला लोक वाट पाहत. याच्या जोडीला कोंकणी गाणी घेऊन गावोगाव फिरणारे कलापथक होते. हे सगळे शब्दांनीच झाले. तेव्हा युक्तिवाद निरुपयोगी असतो, हे मला मान्य नाही. परक्याचा युक्तिवाद निरुपयोगी असतो, एवढेच मान्य करता येईल.

प्रतिसाद: अभ्यासिका

मांडवीतीर यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून परदेशातल्या दोन अभ्यासांचा उल्लेख करते, कारण दोन्ही या चर्चेला थेट लागू पडतात.

पहिला अभ्यास १९३० च्या दशकातला. अमेरिकेत व्हर्माँट राज्यातल्या बेनिंग्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या मुली बहुतांशी सधन, पुराणमतवादी घरांतून आलेल्या होत्या. तिथला प्राध्यापकवर्ग मात्र रूझवेल्टच्या धोरणांच्या बाजूचा होता. थिओडोर न्यूकम या मानसशास्त्रज्ञाने पाहिले की चार वर्षांत बहुतेक मुलींची मते प्राध्यापकांच्या दिशेने सरकली, आणि ज्या महाविद्यालयाच्या जीवनात मिसळल्या नाहीत, ज्यांचा जीव घरातच गुंतला होता, त्यांची फारशी सरकली नाहीत. सुमारे पंचवीस वर्षांनी त्याने त्याच स्त्रियांना पुन्हा गाठले. बहुतेकींची नवी मते टिकून होती, आणि त्यामागे एक कारण असे होते की त्यांनी पुढे नवरा आणि मैत्रिणीही त्याच विचारांच्या निवडल्या होत्या. साचेखाते यांच्या चाळीचे आणि या महाविद्यालयाचे वर्णन मला एकमेकांच्या फार जवळचे वाटते.

दुसरा अभ्यास अलीकडचा, २०१६ चा. घरोघरी जाऊन केलेल्या संभाषणाने मत बदलते, असा दावा करणारा एक शोधनिबंध २०१४ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला होता आणि त्यातली माहिती विश्वासार्ह नसल्याचे उघड झाल्यावर तो २०१५ मध्ये मागे घेतला गेला. ज्यांनी ही गोष्ट उघड केली, त्यांतल्याच डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कल्ला या दोघांनी नंतर मायामीत खराखुरा प्रयोग केला. विषय होता पारलिंगी व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह. दारात उभे राहून सुमारे दहा मिनिटे बोलायचे. पण आकडे, मुद्दे फेकायचे नाहीत. समोरच्याला विचारायचे की तुम्हाला कधी वेगळे ठरवून वाईट वागवले गेले का, आणि त्याचे उत्तर शांतपणे ऐकून घ्यायचे. अशा संभाषणाचा परिणाम किमान तीन महिने टिकला.

मला यातले ‘विचारायचे’ हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या वादांत आपण समोरच्याला प्रश्न विचारतो ते बहुधा त्याला कोंडीत पकडण्यासाठी. त्याच्यावर काय बेतले आहे ते समजून घेण्यासाठी क्वचितच विचारतो.

प्रतिसाद: खाडीपलीकडे

मत न बदलणाऱ्यांविषयीही कोणी लिहायला हवे. माझे माहेर अलिबाग तालुक्यातले. तिथे १९३३ ते १९३९ अशी सहा-सात वर्षे चरीच्या परिसरातल्या कुळांनी खोतांच्या विरोधात संप केला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी होते आणि बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला होता. त्या काळात शेती पडीक ठेवून लोकांनी सरपण विकून, मजुरी करून दिवस काढले. अशा घरात जन्मलेल्या माणसाला शेकापचा लाल झेंडा का सोडत नाहीस, असे विचारण्यात अर्थ नाही. आमच्याकडे तो झेंडा कुळाच्या जमिनीबरोबर वारशाने आला.

लग्न होऊन मी सातारा जिल्ह्यातल्या कट्टर काँग्रेसी घरात गेले. सासरे प्राथमिक शिक्षक होते. यशवंतरावांचा फोटो देवघराशेजारी होता. आणीबाणीत कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट शिक्षकांना वाटून दिले गेले. ‘केस’ आणली नाही तर पगार अडेल, असा धाक होता. सासरे आपल्याच विद्यार्थ्यांच्या बापांकडे रात्रीचे जात, दारात उभे राहत आणि काही न बोलता परत येत, असे सासूबाई सांगत. त्या बायका दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर सासूबाईंशी बोलत नसत. १९७७ च्या मार्चमध्ये सासऱ्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काँग्रेसच्या विरोधात मत दिले. महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागांवर काँग्रेस थांबली, त्यात असे कितीतरी शिक्षक असतील.

१९८० मध्ये सासरे परत काँग्रेसकडे गेले. जनता पक्षातली भांडणे त्यांना बघवली नाहीत. सासूबाई मात्र गेल्या नाहीत. त्यानंतर त्यांनी कोणाला मत दिले ते त्यांनी कधी सांगितले नाही, आणि सासऱ्यांनी विचारण्याचे धाडस केले नाही. एकाच घरात, एकाच प्रसंगाने, एकाचे मतदान बदलले आणि दुसरीचे मत बदलले. रोखठोक यांनी केलेला भेद मला इथे पटतो. पण तो भेद बाहेरून, निवडणुकीचे आकडे पाहून कळत नाही, एवढे त्यांनी लक्षात घ्यावे. सासऱ्यांसाठी तो वरून आलेल्या हुकमाचा आणि पगाराचा प्रश्न होता, आणि हुकूम गेल्यावर तो मिटला. पाणवठ्यावर आपल्याकडे पाठ फिरवणाऱ्या बायकांमध्ये सासूबाईंना पुढची तीस वर्षे काढायची होती.

प्रतिसाद: सह्यकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. खाडीपलीकडे यांचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. घरातल्या बाईचे राजकीय मत घरच्या पुरुषांमागे चालते, असे गृहीत धरूनच आपल्याकडचे बहुतेक लिखाण झालेले आहे. पाणवठ्यावरचा तो अबोला कोणत्याही निवडणूक-विश्लेषणात येणार नाही.

मांडवीतीर यांच्या उदाहरणाने माझे म्हणणे अधिक नेमके झाले. ‘राष्ट्रमत’ मराठी होते म्हणून त्याचा युक्तिवाद मराठीप्रेमी वाचकापर्यंत पोहोचला, हा मुद्दा जेधे-गाडगीळ मैत्रीच्या मुद्द्याहून फार वेगळा नाही. दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्याला आधी खात्री हवी होती की बोलणारा आपल्या मुळावर उठलेला नाही. मराठीच्या शत्रूने सांगितले असते तर तेच मुद्दे फुकट गेले असते.

आता रोखठोक यांच्या ‘सोय’ या आक्षेपाविषयी, कारण तो टाळून चालणार नाही. माणूस सोयीसाठी गेला की विचाराने गेला, हे ओळखण्याची एक कसोटी मला उपयोगी वाटते: त्या वेळी त्याने काय गमावले? जेधे १९३० मध्ये काँग्रेसकडे गेले तेव्हा पदरात तुरुंग पडणार होता, आणि शिवाय ब्राह्मणेतर पक्षातल्या जुन्या सहकाऱ्यांचे बोल ऐकावे लागणार होते. १९४७-४८ मध्ये त्यांनी पक्ष सोडला तेव्हा मंत्रिपदे वाटली जात होती. १९५६ मध्ये, द्वैभाषिक (मराठी-गुजराती एकत्र) राज्याचा आणि मुंबईचा वाद पेटलेला असताना, ते समितीच्या स्थापनेच्या सभेचे अध्यक्ष झाले, आणि त्या वेळी काँग्रेसश्रेष्ठींची मर्जी कोणत्या बाजूला होती हे सर्वश्रुत आहे. या तिन्ही वळणांवर सोय दिसत नाही.

१९५४ चे वळण मात्र या कसोटीला सहज उतरत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९५२ च्या निवडणुकीत शेकापला फारसे यश मिळाले नव्हते, आणि परत जाण्यात फायदा होता. त्याच वेळी हेही खरे आहे की दाभाडीच्या ठरावानंतरचा पक्ष हा सत्यशोधक परंपरेतून आलेल्या जेधे यांच्या ओळखीचा राहिला नव्हता. शेतकऱ्याच्या मानापमानाची भाषा मागे पडून वर्गलढ्याची पोथीबद्ध भाषा पुढे आली होती. माणसाने पक्ष सोडला की पक्षाने माणसाला सोडले, हे अशा वेळी ठरवणे अवघड असते, आणि फायदा व विचार हे एकाच वेळी एकाच दिशेला ओढत असतील तर त्या माणसालाही ते सांगता येईलच असे नाही. गिरणगावातल्या शाखेच्या बाबतीतही मुलाची नोकरी आणि मराठीपणाचा अभिमान एकत्रच आले होते. म्हणून ‘सोय’ हा शब्द वापरून रोखठोक यांनी विषय मिटवू नये, असे मला वाटते. सोयीनेही माणूस नव्या लोकांत जाऊन बसतो, आणि मग दहा वर्षांनी त्याची मते खरोखरच त्या लोकांसारखी झालेली असतात. बेनिंग्टनच्या मुलींनी महाविद्यालय निवडताना राजकारणाचा विचार कुठे केला होता?

पुणे, सातारा, सोलापूर, नगर या भागांत १९४८ ते १९५४ या काळात ज्यांची घरे शेकापमध्ये होती, अशा सभासदांना एक विनंती आहे. जेधे परत गेल्याची बातमी आली तेव्हा आपल्या घरात काय झाले, कोण त्यांच्याबरोबर गेले आणि कोण राहिले, भाऊबंदकीत त्यावरून काही फूट पडली का, हे घरातल्या वडीलधाऱ्या माणसांना विचारून इथे लिहावे. त्या काळच्या सभा प्रत्यक्ष ऐकलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत.

प्रतिसाद: रोखठोक

कसोटी मान्य. १९५४ विषयी तुम्ही जे लिहिले त्यानंतर ‘सोय’ हा शब्द मी मोऱ्यांपुरता ठेवतो, जेध्यांपुरता मागे घेतो. आमचे आजोबा बार्शी भागात शेकापचे काम करत होते आणि ते शेवटपर्यंत काँग्रेसमध्ये गेले नाहीत. त्यांचे धाकटे भाऊ गेले. दोघांची शेती एकाच बांधाला होती. चुलत आजोबांचे चिरंजीव अजून गावी असतात आणि त्यांची स्मरणशक्ती चांगली आहे. दिवाळीला गावी जाणार आहे, तेव्हा त्यांच्याशी बोलून लिहितो.